पांझरा नदी, तिचे बंधारे आणि तळ्याकाठची गावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पांझरेकाठी वाढलो, यापलीकडे या विषयात माझी काही पदवी नाही. पण गाव सोडून पुण्या-सुरतेला गेलेल्यांची मुलं, शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती शोधणारे पालक आणि धुळ्यात नव्याने बदली होऊन आलेले लोक पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदा लिहून टाकतो.

पांझरा नेमकी कुठून कुठे जाते?

साक्री तालुक्याच्या पश्चिम टोकाला, पिंपळनेरच्या वरच्या सह्याद्रीच्या डोंगरांत ती उगम पावते. तिथून पूर्वेकडे निघते. पिंपळनेर, मग साक्रीजवळ कान नदी येऊन मिळते, पुढे नेर, धुळे शहर. धुळ्याच्या पुढे मुकटीच्या बाजूला ती एकदम उत्तरेकडे वळते, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांच्या सीमेच्या आसपास अमळनेर तालुक्यातल्या मांडळ, मुडीसारख्या गावांना पाणी दाखवत बेटावदजवळ मुडावदला तापीत जाते. लांबी साधारण १३६ किलोमीटर, पाणलोट क्षेत्र ३,२५७ चौरस किलोमीटर. गिरणेचं पाणलोट १०,०६१ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे पांझरा तिच्यापुढे धाकटीच.

मला या प्रवासाची नेहमी गंमत वाटते. पिंपळनेरच्या डोंगरावर उभं राहिलं की पश्चिमेला गुजरात हाकेच्या अंतरावर. पण तिथे पडलेला थेंब पूर्वेला धुळ्यापर्यंत जातो, उत्तरेला वळून तापी गाठतो आणि मग सारंगखेडा, प्रकाशा, उकाई करत पुन्हा पश्चिमेला सुरतेच्या समुद्रात. जिथून निघाला त्याच बाजूला, सगळा खानदेश फिरून.

पांझरा की पांजरा?

दोन्ही ऐकू येतं. काठावरची माणसं फक्त 'नदी' म्हणतात. कान नदीचं नाव मात्र तिच्या नावाला चिकटून घराघरांत पोचलं ते 'पांझराकान' या साखर कारखान्यामुळे. कारखाना बरीच वर्षं बंद आहे, नाव अजून चालू आहे.

ती बारमाही आहे का?

आता नाही. धुळ्याच्या आसपास वर्षाकाठी जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही मोजक्या दिवसांत उरकतो. पश्चिमेकडे, डोंगरात, जास्त पडतो. त्यामुळे नदीची कमाई वरच्या साक्री तालुक्यात आणि खर्च खालच्या धुळे, शिंदखेडा, अमळनेर तालुक्यांत, असा हिशोब आहे. जुनी माणसं सांगतात की उन्हाळ्यातही पात्रात एक धार असायची. त्या धारेवरच बंधारे आणि फड (शेतकऱ्यांनी मिळून चालवलेली पाटपाण्याची शेती, पुढे येतं) चालत होते. वरती लाटीपाडा धरण झालं, कान नदीवर मालनगाव झालं, आणि अलीकडे नेरच्या वर अक्कलपाडा, म्हणजे कागदावर निम्न पांझरा प्रकल्प. काठाकाठाला विहिरी आणि मोटारी आल्या. धार गेली. आता उन्हाळ्यात पाणी दिसलं तर ते धरणातून ठरवून सोडलेलं पाणी, म्हणजे आवर्तन असतं.

धुळ्याकडच्या माळावर काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती दिसतात, त्या कोणी बांधल्या?

कोणी नाही. तापीच्या खोऱ्यातला बहुतेक खडक लाव्हाचा, म्हणजे काळा बेसाल्ट. त्याला भेगा पडल्या, भेगांत खालून लाव्हा वर आला आणि तिथेच घट्ट झाला. आजूबाजूचा मऊ खडक झिजला, हा कठीण भाग भिंतीसारखा उभा राहिला. भूगर्भाचे अभ्यासक याला डाईक म्हणतात, आणि धुळे-नंदुरबार पट्टा अशा डाईकसाठी ओळखला जातो. यातल्या बऱ्याच भिंती पूर्व-पश्चिम आहेत. विहीर खणणाऱ्याला याचं महत्त्व लगेच कळतं: भिंतीच्या एका अंगाला पाणी लागतं, दुसऱ्या अंगाला चाळीस फुटांवरही कोरडाच मुरूम. आमच्याकडे शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन भावांची नशिबं अशी वेगळी झालेली आहेत.

फड पद्धत, फड पद्धत म्हणतात ती काय?

या पानावरचा हा सगळ्यात मोठा प्रश्न, त्यामुळे उत्तरही लांब.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर गेली तीनशेहून अधिक वर्षं शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेली सिंचनाची रीत म्हणजे फड. सुरुवात बंधाऱ्यापासून. जिथे पात्रात उघडा खडक असेल अशी जागा बघून दगड-चुन्याची ठेंगणी भिंत आडवी घालायची. पाणी फार साठवायचं नाही, फक्त पातळी उचलायची, म्हणजे ते कडेच्या पाटात शिरतं. जास्तीचं पाणी भिंतीवरून सांडून खालच्या गावच्या बंधाऱ्याकडे जातं. एकाखाली एक अशी ही माळ होती, आणि वरच्याचं सांडलेलं ते खालच्याचं भांडवल.

पाटाखालच्या जमिनीला पाटस्थळ म्हणतात. या पाटस्थळाचे तीन-चार मोठे तुकडे पाडलेले असतात, तेच फड. एका फडात एका वर्षी एकच पीक: एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात भात किंवा ज्वारी, चौथ्यात पाणी असेल तसं. पुढच्या वर्षी पिकं फिरतात, त्यामुळे उसाने दमलेली जमीन सावरते.

पण खरी मेख पुढे आहे. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असते. आमच्या घरचे तीन बिघे चार ठिकाणी विखुरलेले होते. शहरातल्या चुलत भावाला हा वेडेपणा वाटायचा: 'एकत्र करून घ्या ना काका, ट्रॅक्टर तरी फिरेल.' त्याला कळत नव्हतं ते हे, की पाऊस कमी झाला तर पंच एखादा फड त्या वर्षी बंद ठेवत. कोणाचं शेत सुकवायचं हा प्रश्नच यायचा नाही, कारण बंद फडात सरपंचाचाही तुकडा आणि दोन बिघेवाल्याचाही. दुष्काळ सगळ्यांच्या ताटात सारखा वाढला जायचा. पाण्याच्या न्यायावर आज भाषणं होतात, तेव्हा मला ते विखुरलेले तीन बिघे आठवतात.

मग पाणी द्यायचं कोण? भांडणं व्हायची नाहीत?

व्हायची, का नाही होणार! पण बेत असा होता की भांडायला हातात काही नसे. शेतकऱ्याने स्वतः बारं (पाटातून शेतात पाणी घ्यायचं तोंड) फोडायचं नाही. पाणी भरायचं काम पाटकऱ्याचं. फडाला पाणी लागलं की तो ठरलेल्या क्रमाने एकेक शेत भरत जाणार, मालक कोण हे न बघता. सगळा फड एकाच पिकाचा असल्यामुळे पाण्याचं माप आणि पाळ्याही सारख्याच. पाटकऱ्यांवर देखरेख करायला हवालदार, उभ्या पिकात गुरं शिरू नयेत म्हणून जागल्या, आणि सगळ्यांच्या वर गावचे पंच. मेहनताना बहुतेक धान्यात, खळ्यावरच.

पावसाळा संपला की पाट साफ करायचा दिवस असे. ज्याची जितकी जमीन तितकी त्याच्या घरची माणसं फावडी घेऊन हजर. आमच्या आजोबांना साठीनंतरही त्या दिवशी घरी बसवलं जात नव्हतं. काम नाही केलं तरी पाटाच्या कडेला उभं राहून सूचना द्यायचा त्यांचा हक्क होता. रब्बीत रस्त्यात दोन माणसं भेटली की रामराम झाल्यावर पहिला प्रश्न: 'पाट सुटना का भो?' (पाट सुटला का भाऊ?) हवामान नंतर, तब्येत त्यानंतर.

आजही फड चालतात का?

काही गावांत, काही वर्षी, काही फड. पूर्वीसारखे नाहीत.

याचं खापर फक्त धरणांवर फोडणं सोपं आहे. मला ते अर्धंच पटतं. धरणांनी नदीची नैसर्गिक धार अडवली आणि बंधाऱ्यांना आवर्तनाची वाट बघायला लावली, हे खरं. पण फडाचा कणा पाण्याइतकाच एकमेकांवरच्या अवलंबनाचा होता, आणि तो विहिरीच्या मोटारीने मोडला. ज्याच्या शेतात विहीर, त्याला पाटकरी कशाला हवा? त्याला चारही तुकड्यांत हवं ते पीक हवं. मग एकाच फडात कांदा, शेजारी कापूस, पलीकडे डाळिंब. प्रत्येकाला पाणी वेगळ्या वेळी. पाळी कशी लावणार? आमच्या घरीही विहीर खणली, आमच्याच वडिलांनी. तेव्हा गावात पेढे वाटले होते.

विश्वेश्वरय्या खरंच इथे होते का?

होते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून लागले आणि सुरुवातीच्या काळात त्यांचं काम खानदेशात होतं. साक्री तालुक्यातल्या दातर्तीला पांझरेच्या पाटासाठी नळांचा सायफन बसवण्याचं काम त्यांनी केलं. सायफन म्हणजे, पाट जाताना मध्ये ओहोळ किंवा खोलगट भाग आला तर पाणी बंद नळातून खाली उतरवायचं आणि पलीकडे पुन्हा वर काढायचं. पाण्याचा स्वतःचा दाब ते काम करतो, मोट-इंजिन लागत नाही. पुढे जगभर नाव झालेल्या माणसाचा पहिला धडा आमच्या नदीवर, हे सांगताना साक्रीकर जरा छाती फुगवतात. फुगवू द्यावी.

धुळ्याची तळी नैसर्गिक आहेत का? नकाणे, हरणमाळ, डेडरगाव?

तिन्ही माणसाने बांधलेली. नकाणे आणि हरणमाळ हे पांझरेचेच पाहुणे आहेत असं म्हणा: नदीला पाणी असतं तेव्हा एक्स्प्रेस कालव्याने ते वळवून या तळ्यांत भरून ठेवतात. डेडरगाव हा शहराचा जुना तलाव. धुळ्याच्या नळाला या तळ्यांचं पाणी, तापीवरच्या योजनेचं पाणी आणि आता अक्कलपाड्याहून जलवाहिनीने आलेलं पाणी, असं तीन-चार तोंडांनी येतं. इतकी तोंडं असूनही नळाला रोज पाणी का येत नाही, हा प्रश्नही वारंवार विचारला जातो. त्याचं उत्तर भूगोलाकडे नाही.

तळ्याकाठची आणि धरणाकाठची माणसं कशावर जगतात?

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, तळ्याकाठी गाव म्हणजे पाण्याची चैन. बहुतेक वेळा उलट असतं. पाणी शहरासाठी किंवा कालव्यासाठी राखलेलं; काठावरच्या बाईला हंडा विहिरीवरूनच भरावा लागतो.

तरी काठावर जगायच्या तऱ्हा आहेत. पहिली गाळपेर. दिवाळीनंतर पाणी ओसरू लागतं तशी बुडीत क्षेत्राची कड उघडी पडत जाते. वर सुपीक गाळ, खाली ओल. नांगरट फारशी नको, खत नको. हरभरा, गहू, भाजीपाला ओलीवर येतो. जमीन सरकारची, त्यामुळे ती पेरायला परवानगी आणि पट्टा लागतो, आणि कोणाला मिळाला यावरून दरवर्षी कुरबुर. धरणात जमीन गेलेल्या माणसाला आपल्याच जुन्या शेतावर, गाळ चढलेल्या, चार महिन्यांच्या पट्ट्याने पेरणी करताना मी पाहिलंय. तो बांध शोधत नव्हता, त्याच्या पायाला बांध ठाऊक होता.

दुसरी मासेमारी. ती मुख्यतः भोई आणि भिल्ल समाजाच्या हातात. तलावांचा ठेका सहकारी संस्थांमार्फत दिला जातो, बीज सोडतात ते कटला, रोहू, मृगळाचं. पण चवीचं विचाराल तर काठावरचा माणूस मरळच सांगेल, आणि त्यासाठी सकाळी सातच्या आत काठावर यायला सांगेल.

तिसरी डांगर-टरबुजाच्या वाड्या. उन्हाळ्यात पात्रातल्या वाळूत खड्डे करून, शेणखत घालून वेल लावायचे. पांझरेच्या खालच्या अंगाला आणि तापीकाठी या वाड्या दिसायच्या. वाळूच राहिली नाही, तिथे वाड्याही राहिल्या नाहीत.

वाळू कुठे गेली?

बांधकामांत. याहून जास्त लिहिलं तर उत्तर लांबेल आणि माझ्या दाराशी लोक येतील. फक्त पाण्याच्या अंगाने सांगतो: वाळू म्हणजे नदीचा माठ. पूर आला की ती पाणी पिऊन घेते आणि काठच्या विहिरींना हळूहळू देते. वाळू उपसून खडक उघडा पडला की पूर सरळ वाहून जातो आणि विहीर जानेवारीतच तळ दाखवते.

पूर कधी आले होते?

धुळे शहराने सगळ्यात वाईट पाहिलेला पूर १८७२ चा. घरांची आणि मालमत्तेची फार हानी झाली. अलीकडचा म्हणजे ऑगस्ट २०१९ चा. शहरातल्या खालच्या पुलांवरून पाणी गेलं, देवपूर आणि जुनं धुळं यांच्यातली रोजची ये-जा तुटली. एरवी वर्षभर कोरड्या पात्राकडे बघणाऱ्या शहराला नदी किती रुंद आहे ते अशा दिवशीच कळतं. देवपुरात नदीकाठी एकवीरा देवीचं मंदिर आहे, खानदेशातल्या कितीतरी घरांची कुलदेवता. पूर बघायला आलेली गर्दी तिथे हात जोडून मगच पुलाकडे वळते.

अक्कलपाड्यातून पाणी सोडलं की बेटावदला पोचायला इतके दिवस का लागतात?

कोरडं पात्र आधी स्वतः पाणी पितं. सुरुवातीच्या मैलांत सोडलेल्या पाण्यातला मोठा भाग वाळूत आणि खडकाच्या फटींत मुरतो. मग वाटेतले बंधारे आणि केटी वेअर (फळ्या घालता-काढता येणारे बंधारे). त्यांच्या फळ्या आधी काढल्या नाहीत तर पाणी प्रत्येक ठिकाणी थांबून, भरून, मग पुढे. आणि मग काठच्या मोटारी. आवर्तन पिण्यासाठी असेल तर काठावरच्या शेतीपंपांची वीज बंद ठेवतात, ती याचसाठी. तरी रात्री कुठे कुठे घरघर ऐकू येतेच. खालच्या मुडी-मांडळकडची माणसं वरच्यांना शिव्या देतात, वरची म्हणतात धरण आमच्या जमिनीवर उभं आहे. जुन्या बंधाऱ्यांच्या माळेत हेच भांडण होतं, पण तेव्हा वरचा माणूस आणि खालचा माणूस एकमेकांच्या लेकी-सुना देत-घेत होते. आता दोघेही निवेदन घेऊन एकाच कार्यालयाच्या बाहेर वेगवेगळ्या दिवशी उभे असतात.

उगमाकडे काही चांगलं चाललंय का?

हो. साक्री तालुक्याच्या त्याच पश्चिम डोंगरपट्ट्यात बारीपाडा हे आदिवासी गाव आहे. तिथल्या लोकांनी कुऱ्हाडबंदी करून शेकडो एकर जंगल पुन्हा उभं केलं, पाणी अडवलं, वनभाज्यांची स्पर्धा भरवायला सुरुवात केली. या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. वर झाड टिकलं तर खाली झरा टिकतो, हे सांगायला तिथे फलक लागत नाही. पावसाळ्यानंतर ओढा किती दिवस वाहतो ते गावकरी बोटावर मोजून सांगतात.

नदीशी जोडलेले सण कोणते?

मुख्य कानबाई, ही खानदेशातली देवी. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर गाणी, आणि सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन नदीवर. सव्वा मापाच्या गव्हाचे रोट भाऊबंदांतच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. शहरात गेलेली भावकी या दोन दिवसांसाठी गावी येतेच, दिवाळीला नाही आली तरी. श्रावणात पात्रात पाणी असेल तर सोहळा बघावा. नसेल तेव्हा टँकरच्या पाण्यावर किंवा विहिरीवर विसर्जन उरकतात आणि त्या वर्षी गाणी जरा लवकर संपतात.

संगम बघायला कधी जावं?

मुडावदला, कपिलेश्वर मंदिराच्या घाटावर. पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलात तर दोन पाण्यांचे रंग वेगळे दिसण्याची शक्यता असते: पांझरेचं गढूळ, तापीचं त्याहून थोडं निवळ, किंवा वर कुठे पाऊस झाला असेल तसं उलट. महाशिवरात्रीला गर्दी असते. ज्यांना नदी बघायची आहे त्यांनी तो दिवस टाळावा, ज्यांना माणसं बघायची आहेत त्यांनी तोच धरावा. बेटावदहून रस्ता आहे. जेवण बरोबर न्या, शेवभाजी हवी असेल तर येताना थांबा. आणि घाटावर कोणी म्हातारं भेटलं तर बंधाऱ्याबद्दल विचारा, पण हातात वेळ असेल तरच.